चार बोटं बाजूला

पैज लागली ती कोंबडीच्या हाडावरून, आणि कोंबडीसुद्धा ओदिनाची नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या मस्तुरा आपांनी शुक्रवारी दुपारी शोरबा केला आणि पातेलं सरळ खाली अंगणात आणून तापचानवर ठेवलं. त्या लाकडी चौथऱ्यावर गाद्या टाकून अख्खी इमारत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चहा ढोसत पडलेली असते. ओदिना वास घेत आलाच. बायको थोरल्याकडे रशियात गेलेली, सुनेच्या बाळंतपणाला, त्यामुळे गेला महिनाभर त्याला कुठल्याही मजल्यावरचा वास कळत होता. छातीजवळचं ते बेचकीसारखं हाड नेमकं त्याच्याच वाटीत आलं. आपांनी लगेच करंगळी पुढे केली. "चल, मोडूया. हिंमत आहे?" म्हणजे तो पोरांचा खेळ. हाड दोघांनी ओढून मोडायचं, आणि त्या क्षणापासून एकाने दुसऱ्याच्या हातून काहीही घेतलं, चहा असो, काडी असो, तरी घेताना 'याद आहे' म्हणायचं. म्हणायला विसरला तो हरला. खेळ दिवसभर चालेल नाहीतर वर्षभर. "हरेल त्याने जिना धुवायचा," ओदिना म्हणाला. "तो तू बायको असतानाही धूत नाहीस," आपा म्हणाल्या. "हरेल त्याने इथे उभं राहायचं, या तापचानवर, सगळ्यांसमोर, आणि गाढवासारखं ओरडायचं. तीनदा. पोटातून." सगळे खिदळले. कारण ओदिना म्हणजे अंगणाचं आकाशवाणी केंद्र. कोंबडा काढतो, मांजरांचं भांडण काढतो, थंडीत चालू न होणारी जुनी मोटार अशी काढतो की लोक खिडकीतून डोकावून बघतात. गाढव मात्र त्याने कधी काढलेलं नव्हतं. हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं, बत्तीस वर्षांत. नाही म्हणावं असं त्याला वाटलं, पण हाड हातात होतं आणि बघणारे नऊजण होते. त्याने ओढलं. कट्कन आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून ओदिना जगाला 'याद आहे' म्हणत सुटला. नानवाईने गरम नान पुढे केला, याद आहे. मिनीबसच्या ड्रायव्हरने सुटे परत दिले, याद आहे. ड्रायव्हर म्हणाला, "काय याद आहे, काका? कुठे भेटलोय आपण?" त्यावर ओदिनाने त्याला तुझ्या लग्नात तू रडला होतास असं सांगून टाकलं, आणि तो पोरगा खरंच रडला होता की काय कोण जाणे, पुढचे तीन थांबे आरशातून बघत राहिला. सवय लावून घ्यायची, एवढंच. मस्तुरा आपा कसलेली बाई. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची वीस संगणक, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावर कोण काय खातंय ते फळ्याकडे तोंड असताना ओळखायच्या. त्या जिन्यात भेटल्या की हातातली पिशवी पुढे करायच्या, "धर रे जरा, गुडघा दुखतोय." "याद आहे." "अरे खरंच दुखतोय." "गुडघा खरा, आपा, पिशवी खोटी." तिच्यात एक कांदा होता. दोघांची मजा चाललेली होती आणि तरी ओदिनाला स्वतःचं कळत होतं की आपण मजेत खेळत नाही आहोत, घाबरून खेळतो आहोत. हात पुढे जाण्याआधी जीभ जागी होत होती. चोपन्नाव्या वर्षी माणूस गाढवाच्या आवाजाला घाबरतो, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारी संगणकाने विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का? ओदिना घे म्हणाला. तो कुणालाही घे म्हणतो. लॅपटॉप जुना, आधीची चोरीची कार्यप्रणाली त्याच्यावर दर महिन्याला झोपायची, म्हणून आपांनीच दोन वर्षांपूर्वी ती पुसून फुकटातली, पेंग्विनवाली बसवून दिली होती. त्याच्यावर ओदिना नक्षी काढतो. आधी त्याची आई, सोरोबानू, कोळशाने काढायची. चौकटीवर ताणलेल्या रेशमाच्या ताण्यावर सोरोबानू काळी रेघ ओढत गेली की गिरणीतल्या बांधणाऱ्या बाया त्या रेघेवर गाठी मारायच्या, मग रंग, मग पुन्हा गाठी, पुन्हा रंग. रंग गाठीखाली थोडा सरपटतोच, म्हणून कापडावर उतरलेल्या डाळिंबाची कड कधी सरळ नसते, ढगासारखी विरते. आता गिरणीच्या जागी फर्निचरचं गोदाम आहे आणि ओदिना घरी बसून माउसने डाळिंब काढतो, छापतो, आणि विणकर तोलिबला नेऊन देतो. तर सोमवारी आवृत्ती आली, मशीन बंद होऊन चालू झालं, आणि मंगळवारपासून पडदा विस्कटायला लागला. आडवे पट्टे. हात लावला की जागेवर यायचे, हात काढून पाच-सहा सेकंद नुसतं बघत बसलं की चित्र थरथरायचं आणि आडव्या चकत्या होऊन इकडेतिकडे सरकायचं. आता इथे दुसरा कुणीही माणूस असता तर म्हणाला असता, बिघडलं. ओदिनाला वाटलं, छान झालंय. खरंच वाटलं. जन्मभर विरलेल्या कडा बघितलेला माणूस तो, त्याला थरथरणारी कड म्हणजे बिघाड वाटतच नाही. काही नवीन सोय दिलेली दिसतेय म्हणून त्याने अख्खा मंगळवार कौतुकाने काम केलं, संध्याकाळी खुशीत छापलं, आणि छापखान्यातून हातात आली ती नेहमीची सरळसोट, दोन्हीकडे सारखी, शाळेच्या भिंतीवर लावावी तशी नक्षी. कागद उलटा करून त्याने मागची बाजूसुद्धा बघितली.

आणि बुधवारी दुपारी ते झालं. शाहलो, त्याची मुलगी, जिचं लग्न पुढच्या वसंतात आहे, दवाखान्यात कामाला गेलेली. ओदिनाने पडद्यावर तिच्या लग्नाच्या कापडाची नक्षी उघडून ठेवली होती आणि चहा गाळायला उठला होता. ही नक्षी म्हणजे त्याच्या आईचीच. म्हणजे आईची असावी अशी त्याची वीस वर्षांची खटपट. आईने स्वतःच्या लग्नासाठी स्वतः रेघलेलं एकच कापड होतं, बदामी जमीन, तिच्यावर डाळिंबं आणि मेंढ्याची शिंगं, आणि ते कापड आता नव्हतं. किती वेळा काढली त्याने ती नक्षी! सगळं असायचं, डाळिंब, शिंगं, बदामी रंगसुद्धा, आणि बघितलं की आपलं वाटायचं नाही. पासपोर्टवरच्या फोटोसारखं, माणूस तोच पण हा कोण? तर तो चहाचा पेला घेऊन वळला आणि पडद्यावर आईचं कापड होतं. पेला कुठे ठेवला ते त्याला नंतर आठवेना. चित्र सात चकत्यांमध्ये सरकलं होतं, प्रत्येक चकती आपापल्या मापाने, आणि मधलं डाळिंब मानेशी तुटून वरचा अर्धा भाग चार बोटं बाजूला गेला होता. चार बोटं. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की गालाखाली यायचं ते तुटकं डाळिंब. त्या तुटीवरून बोट फिरवत तो झोपायचा, बोट वर जायचं आणि मध्येच रस्ता चुकायचं. आणि आई हसत सांगायची की जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या उरल्यासुरल्या धाग्यावर चोरून रेघा ओढत होते, मुकादम आला, चौकट घाईने ढकलली, धागे घसरले, म्हटलं राहू दे, निदान कुणी ढापलं तर ओळखू येईल. हे सगळं ओदिना विसरला होता. गोष्ट विसरला होता, तुटसुद्धा विसरला होता. वीस वर्षं तो न तुटलेलं डाळिंब काढत बसला होता आणि यात आई का नाही म्हणून डोकं खाजवत होता. तो खुर्चीकडे गेला, नको तिथे कोपर टेकलं, माउस हलला, आणि पडदा एकदम शहाण्यासारखा सरळ झाला.

त्यानंतरचे पाच दिवस ओदिनाचे असे गेले की शेजाऱ्यांनी आजारी आहे का म्हणून विचारलं. तो खुर्चीत हात मागे बांधून बसायचा, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसा. चकत्या यायच्या, पण वेगळ्या, पाचच, नाहीतर नऊ, डाळिंब कधी पोटात तुटायचं, कधी तुटायचंच नाही. पडद्याचा फोटो मशीनलाच काढायला लावला तर फोटोत सगळं जागच्या जागी. फोन त्याच्याकडे बटणांचा, कॅमेऱ्यावर तडा, त्यातून बघितलं तर आपणच धुक्यात गेल्यासारखं. प्रोग्रॅममध्ये बसून स्वतः चित्राच्या सात चकत्या केल्या आणि सरकवल्या, अंदाजाने, तर ते मोडलेलं दिसायला लागलं. आईचं कापड मोडलेलं नव्हतं, ते चालताना लचकल्यासारखं होतं. मग कागद घेतला, पेन्सिल घेतली, डोळे मिटले. हात सुधारत होता. हाताला तीस वर्षांची शिस्त, डावीकडचं उजवीकडे आणलंच पाहिजे, डाळिंबाची मान डाळिंबावर बसलीच पाहिजे. त्याने डाव्या हाताने काढून बघितलं. डावा हातही उजव्याचाच भाऊ निघाला. आणि या सगळ्यात तो हिवाळा येत राहिला, ज्याला त्याने बत्तीस वर्षं दारात उभं केलेलं होतं. त्र्याण्णवचा. तो बावीसचा होता, गिरणी बंद, नानवाईच्या दुकानाला कुलूप, लोक पिठाच्या रांगेत जागा धरायला रात्रीच स्वतःची टोपी ठेवून जायचे. त्याने आईची पेटी तिला न विचारता उघडली. बाजाराच्या मागच्या बाजूला डोंगराकडचा एक माणूस होता, त्याने कापड हातावर टाकून बघितलं, तुटीवर बोट ठेवून म्हणाला, हे चुकलंय. तरी दोन पोती पीठ दिलं, वर आपलं गाढवही दिलं पोती न्यायला, संध्याकाळी परत आणायच्या बोलीवर. आई अंगणात उभी होती. पोत्यांकडे बघून तिने विचारलं, "कशाच्या बदल्यात?" एवढंच. आणि ओदिनाने, चेहरा कुठे लपवावा हे न कळून, गाढवाच्या शेजारी मान ताणली आणि गाढवासारखा ओरडला. एकदा. आई बघत राहिली. दोनदा. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिसऱ्यांदा इतका जोरात की खरं गाढव दचकून बाजूला झालं, आणि आई हसली, तोंडावर हात धरून, पोट धरून हसली, आणि म्हणाली, "आणखी एकदा." त्याच्याच्याने झालं नाही. "गाढव दमलं, आई," तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही, ना गाढवाचं, ना कापडाचं. पोरगा विनोदी आहे म्हणून सगळ्यांना सांगत सात वर्षं जगली, पेटी कधी उघडली नाही निदान त्याच्यासमोर, आणि गेली.

"बाबा, तोलिब उस्तांचा फोन आला होता," सोमवारी शाहलो म्हणाली. "शनिवारी ताणा चौकटीवर चढतोय. नक्षी शुक्रवारपर्यंत नाही दिलीत तर मग वसंतापर्यंत जमणार नाही म्हणाले. मी साध्या कापडात लग्न करू का?" "देतो." "कशी देता? मशीन तर पिसाळलंय. मी बघितलं सकाळी, सगळं सळसळत होतं." "तू हात लावलास?" ओदिना इतक्या जोरात म्हणाला की पोरगी मागे सरली. त्याने लगेच तोंड वेडंवाकडं करून मांजरांचं भांडण काढलं. ती हसली नाही. लहानपणी हसायची. आता ती बघत राहिली, थेट, आजीसारखी, आणि म्हणाली, "सांगायचं नसलं की तुम्ही प्राणी काढता." आणि वरच्या मजल्यावर आपांकडे गेली.

मस्तुरा आपा मंगळवारी सकाळी आल्या त्या चष्मा, वही आणि टीव्हीला जोडायची तार घेऊन, वर्गात शिरल्यासारख्या. "हं. रोगी कुठाय?"

"ठीक आहे तसा. उगाच आलात, आपा. बसा, टरबूज कापतो."

"औषध नको असलं की रोग्याचे नातेवाईक असेच फळं कापत बसतात. ही धर तार."

"याद आहे."

"शहाणा आहेस. आता सांग, कधीपासून?"

"गेल्या मंगळवारपासून."

"सोमवारी काय केलंस?"

"काही नाही."

"चाळीस वर्षं मी 'काही नाही' ऐकलंय, ओदिना. पोरगं काही नाही म्हणालं की खिडकी फुटलेली असते."

त्याने सांगितलं, आवृत्ती. आपांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं. मग झाकण हळूहळू मागेपुढे केलं, बिजागरीशी कान लावला. झाकण हलवून चकत्या वाढेनात की कमी होईनात, म्हणजे आतली फीत तुटलेली नाही. मशीनलाच फोटो काढायला लावला, फोटो स्वच्छ. "म्हणजे चित्र आत नीट आहे. काचेपर्यंत येताना कुठेतरी सांडतंय." टीव्हीला तार लावली, टीव्हीवर डाळिंबं शिपायांसारखी रांगेत. "म्हणजे चित्र काढणारी चिप मेलेली नाही." हे बोलताना त्या चष्म्यावरून बघत होत्या आणि ओदिनाला वाटत होतं, एकेक दार बंद करत चालल्यात. त्यांनी सगळं सोडून हात मांडीवर ठेवले. "आता कुणी हात लावायचा नाही. शांत बसू दे त्याला, मग बघू कसं खोकतंय. तू जा, चहा टाक. तुझ्या श्वासानेसुद्धा टेबल हलतंय." तो स्वयंपाकघरात गेला. किटलीत पाणी भरताना त्याला आतून आपांच्या फोनचा खटका ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक खटका. "काय करताय, आपा?" "आजाराचा फोटो. बरं करण्याआधी आजाराचा फोटो काढून ठेवायचा असतो, बनवणाऱ्यांना पाठवते मी." त्यांचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, पण किटली शिट्टी मारत होती.

तो चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं. काळ्या पडद्यावर पांढरी यादी. "बघ. इथे एकही पट्टा नाही. म्हणजे काच निर्दोष, तार निर्दोष. गुन्हेगार नंतर येतो." त्यांनी यादीत खाली जाऊन दाखवलं. "हा कर्नेल. सगळ्याचा गाभा. सोमवारी आला तो वरचा, नवा. हा वीज वाचवायला फार हुशार झालाय. तू पडद्यासमोर नुसता बसलास की पडद्याला डुलकी घ्यायला लावतो, आणि हा तुझा जुना पडदा डुलकीतून उठताना गडबडतो, आपण कुठे झोपलो होतो ते त्याला आठवत नाही." "म्हणजे झोपेत बडबडत होता," ओदिना म्हणाला. "तसंच. आणि हा खालचा, जुना कर्नेल. नवा आला तरी जुन्याला फेकत नाहीत, ठेवतात एक. कधी लागला तर." "कुणी सांगितलं त्यांना ठेवायला?" "अनुभवाने," आपा म्हणाल्या आणि जुन्यावर बोट नेलं. ओदिना पेला धरून उभा होता. 'थांबा' हा शब्द त्याच्या तोंडात पूर्ण तयार होता. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगायचं म्हणजे पेटी, बाजार, हे चुकलंय म्हणणारा तो माणूस, सगळं याच खोलीत आणून बसवायचं. तो म्हणाला, "आपा, यात साखर किती?" तोवर बटण दाबलं गेलं होतं. मशीन उठलं. शाहलोची नक्षी उघडली. पाच सेकंद, दहा सेकंद, मिनिटभर दोघं बघत बसले. डाळिंबं हलली नाहीत. काच इतकी शांत होती की तिच्यात दोघांचे चेहरे दिसायला लागले. "झालं," आपा म्हणाल्या, पण नेहमीसारखा विजय नव्हता त्यात. त्या त्याच्याकडे बघत होत्या. "बरं वाटत नाहीये का तुला?" "छान आहे, आपा. जीव वाचवलात." आणि त्या दाराकडे वळल्यावर त्याने त्यांच्या पाठीमागे कोंबड्याचा आवाज काढला, बारीकसा, ज्याला काहीच अर्थ नव्हता.

बुधवारी घरात कुणी नसताना त्याने मशीन बंद केलं, चालू केलं, यादीत वर जाऊन नवा कर्नेल निवडला. चोरून दारूच्या दुकानात शिरावं तसं. चकत्या आल्या. आठ आल्या, सहा आल्या, एकदा नुसतं सगळं हिरवं झालं. दुपार सरली, खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून उतरलं. गुरुवारीही तसंच. आई नाही आली. गुरुवारी संध्याकाळी त्याने जुन्यावर परत येऊन सरळसोट नक्षी छापली, दोन्हीकडे सारखी, एका ठिकाणीही न चुकलेली, आणि गुंडाळी करून दाराशी ठेवली. पोरीचं लग्न छान होईल. लोक म्हणतील, काय सुंदर कापड. कुणालाच कळणार नाही, आणि हेच तर तो आयुष्यभर करत आला होता, कुणालाच कळू न देणं. यात इतका तरबेज झालेला माणूस एका डाळिंबासाठी रडत नाही. तो नुसता गुंडाळीशेजारी बसून राहिला, शाहलो कामावरून येईपर्यंत.

शुक्रवारी दुपारी तो गुंडाळी काखेत मारून निघाला तेव्हा तापचानवर नेहमीची मंडळी जमली होती. मस्तुरा आपांनी हाक मारली. "ओदिना, इकडे ये." "तोलिबकडे जातोय, आपा." "पाच मिनिटं. चहा घे." पेला पुढे. "याद आहे." "नान." "याद आहे." "शाबास. साखर?" "याद आहे, आणि नकोय." सगळे हसले. आपांनी गादीखालून एक मोठा कागद काढला, घडी घातलेला, आणि सहज, चहाचा डाग पुसायला फडकं द्यावं तसा पुढे केला. ओदिनाने घेतला. उघडला.

सात चकत्या. डाळिंबाची मान तुटलेली, वरचा भाग चार बोटं बाजूला. फोटोत पडद्याच्या काचेवर खिडकीचा एक उजेड पडला होता, कोपऱ्यात आपांच्या चष्म्याची सावली होती, पण आईची नक्षी तिथे होती, अख्खी, लचकलेली, न सुधारलेली. त्याचा अंगठा आपोआप तुटीवर गेला. वर गेला आणि रस्ता चुकला. अंगणात कुणीतरी काहीतरी बोललं ते त्याला ऐकू आलं नाही.

"तू चहाला गेलास आणि हे आलं समोर," आपा म्हणत होत्या. "आधी मी नुसता आजाराचा फोटो म्हणून काढला. मग दुसरा काढला. मी चौऱ्याऐंशी साली या इमारतीत आले, ओदिना. पहिल्याच नवरोजला तुझी आई या कापडात इथे उभी होती, याच जागी, मोठ्या कढईत सुमनक, ती गव्हाच्या कोंबांची खीर, ढवळत. मी म्हटलं, सोरोबानू आपा, तुमच्या डाळिंबाची मान मोडलीय. तर मला म्हणाल्या, मुकादमाने मोडली, मी नाही. तीन रात्री विचार करत होते तुला देऊ की नको. शाहलो म्हणाली, द्या."

ओदिनाने मान वर केली. शाहलो जिन्याच्या दारात उभी होती, दवाखान्याचा पांढरा डगला अजून अंगात.

"तू काखेत काय घेऊन चालला होतास?" आपांनी विचारलं.

त्याने काखेतली गुंडाळी बघितली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "पासपोर्टचा फोटो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"ठेव ती खाली. आणि आता हातात काय आहे ते बघ. कुणाच्या हातून घेतलंस?"

त्याने कागदाकडे बघितलं, मग आपांकडे. मग तापचानवरचा एकजण गुडघ्यावर थाप मारून ओरडला, "बोलला नाही! देवाशप्पथ, बोलला नाही!" आणि आपांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून, पोरांच्या खेळात म्हणतात तसं, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला याद आहे, तू विसरलास!"

अंगण पेटलं. पोरं धावली, वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या, कुणी पातेलं बडवायला घेतलं. "गाढव! गाढव! गाढव!" ओदिनाला वाटलं, पळावं. त्याला पळणं जमतं, तो जागच्या जागी उभा राहून पळू शकतो, एक मांजर काढलं की झालं. त्याने कागद घडी न घालता शाहलोकडे दिला. "तोलिबला दे हा. आजच. सांग त्याला, हे चुकलेलं नाही, असंच आहे, एक धागासुद्धा सरळ केलास तर मी तुझ्या दारात येऊन बसेन." शाहलो म्हणाली, "बाबा, आजीचं कापड गेलं कुठे पण?" पोरांच्या गोंगाटातही त्याने ते ऐकलं. "पिठात," तो म्हणाला. "मी दिलं. तिला न विचारता. सांगतो सगळं, आधी हे फेडून येऊ दे."

तो बूट काढून तापचानवर चढला. मोज्याला भोक होतं. पहिला आवाज निघाला तो गाढवाचा कमी आणि दाराच्या बिजागरीचा जास्त होता. खिडक्यांतून हुर्यो झाली, "पोटातून! पोटातून ठरलं होतं!" त्याने श्वास घेतला, मान ताणली, डोळे मिटले. दुसरा जमला. लहान पोरं आईच्या मागे गेली. तिसऱ्याला तो वाकला आणि तो आवाज कुठून आला कोण जाणे, बत्तीस वर्षं तसाच ठेवलेला, धूळही न बसलेला, समोरच्या इमारतीवर आपटून परत आला, आणि मस्तुरा आपा तोंडावर हात धरून हसत सुटल्या. टाळ्या झाल्या. पैज फिटली. एकजण त्याला उतरवायला हात द्यायला पुढे आला. ओदिना उतरला नाही. डोळे मिटलेलेच होते, गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि त्याने ते पुसलं नाही. आणखी एकदा, आई म्हणाली होती. त्याने पुन्हा मान ताणली, आणि चौथ्यांदा ओरडला.